शेवटचं बिऱ्हाड

वैशाखातल्या दुपारी पांढरं ऊन खिडकीत उतरलं, की माझी इंदूमावशी भुवयांवर तळहात धरून दूर कुठेतरी पाहत राही. कोपरच्या तिच्या घराच्या त्या खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. पण तिचे डोळे क्षितिजाच्या सवयीचे होते.

लग्न होऊन ती गेली ती थेट राजस्थानच्या वाळवंटात. काका तिथल्या जंक्शनवर स्टेशनमास्तर. इंजिनं तिथे बदलली जात, विसावत, आणि त्यांच्या वाफेच्या उष्ण उसाशांवर एक गाव वाढत गेलं. क्वार्टर्स, शाळा, बाजार, चार मराठी घरांचा गणपतीसुद्धा. पाणी गाडीने येई, म्हणून तिथे एक रीत होती. बदली झालेलं बिऱ्हाड निघताना घरातलं उरलेलं पाणी शेजाऱ्याच्या हंड्यात ओतून जाई.

मग वाफेची इंजिनं गेली, नवी रुंद लाईन दुसरीकडून पडली, आणि एकेक घर आपलं पाणी मावशीच्या हंड्यात ओतून निघून गेलं. स्टेशनला कुलूप काकांनीच घालायचं, त्यामुळे यांचं बिऱ्हाड शेवटचं. "हंडे भरलेले होते गं, आणि द्यायला दारच उरलं नव्हतं. वाळूत ओतवेना. तसेच ठेवून आले," एवढंच ती सांगे.

यंदा कोपरची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. आम्हाला वाटलं, म्हातारी आता हट्टाला पेटणार. हिने तर सगळ्यांच्या आधी सामान बांधलं, मानपाड्याला भाड्याचं घर पक्कं केलं.

"मावशी, एवढी कसली घाई? अजून कोणीही हललेलं नाही," मी वैतागून म्हणाले.

"म्हणूनच. पुन्हा शेवटची नाही राहायची मला. दमले मी."

टेम्पो खाली उभा राहिला, तशी ती भरली कळशी घेऊन समोरच्या कांबळे वहिनींच्या दारात गेली.

"काकू, अहो नळाला पाणी आहे की!" वहिनी हसल्या. मग त्यांनी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि एक रिकामं पातेलं घेऊन आल्या.

मावशीने कळशी शेवटच्या थेंबापर्यंत तिरपी धरली. एरवी कधी न रडणारी ती बाई तिथे, जिन्याच्या तोंडाशी, मोकळी रडली.

निरोप घ्यायचा तर समोर कोणीतरी उरलेलं असावं लागतं. इतकी वर्षं तिचं ते गाव सुटलं नव्हतं, ते एवढ्यासाठीच.