टर्कीचं पाणी

छगन आला त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच कबूल करतो. सचिन गावातल्या कापड कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये नऊ वर्षं शेगडीवर माझं राज्य होतं. हा नवा आचारी नंदुरबारचा, चार वर्षं दमणच्या हॉटेलात स्वयंपाक केलेला. पहिल्याच आठवड्यात मशिनं बसवायला आलेला जर्मन साहेब त्याला 'छगन' म्हणून हाक मारू लागला. मी अजून 'कुक'च होतो.

पंचाण्णवच्या डिसेंबरात मॅनेजर भाईदासभाईंनी सांगून टाकलं, "कडोदऱ्याला नवं गेस्ट हाऊस होतंय. तिथला मुख्य आचारी कोण, ते नाताळच्या जेवणानंतर ठरवू."

ती जागा माझी होती. माझ्याशिवाय, या सुकदेवशिवाय, दुसरं नाव तरी कोणाला सुचावं?

साहेबाने नाताळसाठी मुंबईहून टर्की मागवला. कोंबड्याचा आजोबा शोभावा एवढा पक्षी! छगनने तो आदल्या दिवशी टबात ठेवला. वर पाणी, मूठमूठ मीठ, गूळ, मिरे, तमालपत्र, लसूण, संत्र्याची साल आणि दारूबंदीतही साहेबाला परमिटवर मिळणाऱ्या बिअरच्या चार बाटल्या. भोवती बर्फ. साहेब दोनदा येऊन वास घेऊन गेला. माझ्या मटणाच्या पातेल्यात तो कधी वाकला नव्हता.

सकाळी छगनने पक्षी बाहेर काढून पुसला आणि टबाकडे बोट दाखवून आमच्या खानदेशी बोलीत म्हणाला,

"दादा, ते पानी फेकी द्या. त्यानं काम सरनं."

"कसाले फेकानं?"

"मीठज मीठ शे त्यामा."

माझा विश्वास बसेना. आम्हा खानदेशी माणसांत मटण शिजवलेलं पाणी कोणी ओतून देत नाही. जीव असतो तो रश्श्यात, फोडी काय, कोणीही चावतो. रात्रभर बिअर, मसाला आणि मांस ज्यात मुरलं, ते हा ओतायला लावतो? म्हणजे सगळी चव त्यातच आहे, आणि माझ्या हाती लागू नये म्हणून हा मोरीत घालवतोय! लबाड.

तो ओव्हनपाशी गुंतला तशी मी ते पाणी गाळून घेतलं. कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजलं, मसाला वाटला, तेलात परतला आणि ते पाणी ओतून खळाखळा उकळलं. वर लाल तवंग आला. मीठ मी चिमूटभरही घातलं नाही, एवढी अक्कल होती. चाखलं मात्र नाही. सोनालीच्या, माझ्या मुलीच्या, डोक्यावर हात ठेवून मी दारू सोडली होती. बिअरचा थेंबही जिभेला लावायचा नव्हता. नाकाने अंदाज घेतला. नऊ वर्षांचं नाक!

दुपारी टर्की टेबलावर गेला. सोनेरी, सुरी लावताच रस गळत होता. साहेबाने डोळे मिटून खाल्लं. मी लगेच माझ्या रश्श्याची वाटी पुढे सरकवली. त्याने मोठा चमचा भरून तोंडात घातला. चेहरा आक्रसला, तोंडातलं रुमालात गेलं आणि त्याने पाण्याचा अख्खा ग्लास रिकामा केला.

"हे कोणी केलं?" भाईदासभाई ओरडले.

मी साहेबाचा रिकामा ग्लास भरायला वळलो.

"मी," छगन म्हणाला. "चुकून मीठ जास्त पडलं, साहेब."

साहेब खो खो हसला. छगनच्या पाठीवर थाप मारून त्याने टर्कीचा दुसरा तुकडा उचलला. तिथेच, जेवता जेवता, कडोदरा छगनला मिळालं. असा पक्षी करणाऱ्याला एक वाटी माफ होती. माझं नाव पुढे आलं असतं तर हातची शेगडीही गेली असती.

आत आल्यावर तो हळूच म्हणाला, "दादा, कोनले सांगू नका. मी बी कोनले सांगाव नही."

आभार मानायला हवे होते. पण मला त्याचा एवढा राग कधीच आला नव्हता. टर्की त्याचा, कडोदरा त्याचं, आता मोठेपणाही त्याचाच. माझ्या वाट्याला चूक होती, तीसुद्धा त्याने उचलून नेली.

तो गेल्यावर मी पातेल्यात बोट बुडवलं. सोनालीची शपथ मोडली आणि चाटलं. जीभ भाजावी इतकं खारट होतं. पण त्या खाराच्या खाली चव होती, नऊ वर्षांत माझ्या हाताला कधी न आलेली. आणि ती माझ्या मसाल्याची नव्हती.