दोघींचं काम

संपत कानडे मंचरला उतरला तेव्हा मशीन अजून भोसरीच्या कारखान्यातच होतं. कंपनीची रीतच तशी होती. आधी माणूस जायचा, पाया बांधून घ्यायचा, आणि पायाचं सिमेंट पक्कं झालं की मग टेम्पो मशीन घेऊन यायचा. कपडे धुण्याची मोठमोठी मशीनं बसवायची, चालू करून द्यायची आणि पुढच्या गावाला जायचं, हे काम तो कितीतरी वर्षं करत होता. सांगली, नगर, महाबळेश्वर, कुठं हॉस्पिटल, कुठं हॉटेल. गावं आठवत नसत, मशीनं आठवत.

सन नव्याण्णव नुकतंच लागलं होतं, थंडीचे दिवस होते. स्टँडपासून थोडं आत एक नवं दुमजली हॉस्पिटल झालं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मागची पत्र्याची खोली दाखवली. खोलीच्या बाहेर, नळाजवळ, दोन बायका चादरी धूत होत्या. एका मोठ्या पातेल्यात चादरी उकळत होत्या आणि शेजारी दगडावर दोघी आळीपाळीनं चादरी आपटत होत्या. मग त्या उठल्या, एकीनं चादरीचं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं, आणि समोरासमोर उभ्या राहून उलट्या दिशांनी पीळ द्यायला लागल्या. पीळ घट्ट होत गेला तसतशा त्या एकमेकींच्या जवळ येत गेल्या. तोंडानं बोलणं चालूच होतं.

बोलत होती ती कुशाबाई. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं भरलेली, मंचरचीच. ऐकत होती ती लंकाबाई, तिच्याहून लहान, काटकुळी, पश्चिमेकडच्या डोंगरातली. नवरा वारल्यावर ती इकडं आली आणि हॉस्पिटलच्या आवारातल्याच एका खोलीत राहायला लागली.

"पावणं, तुमी कळंबचं म्हनं," कुशाबाई म्हणाली.

"व्हय."

"मंग हितं पत्र्याखाली कशाला झोपताय? कळंब काय लांब हाय? वीस मिन्टांत येष्टी सोडती."

"सकाळी लवकर काम असतं," संपत म्हणाला.

काम लवकर नसायचं. कळंबला त्याच्या भावाचं घर होतं. बायको होती तोवर संपतही त्याच घरातल्या एका खोलीत राहायचा, म्हणजे बायको राहायची, तो येऊन-जाऊन असायचा. तीन वर्षांपूर्वी ती वारली. मुलगी आरती लग्न होऊन नाशिककडं गेली. त्यानंतर तो घरी गेला की भावजय चांगली चादर काढायची, भाजी दोन प्रकारची करायची, पोरांना गप्प बसवायची. कुणी वाईट वागायचं नाही. पण तो निघाला की घर मोकळा श्वास घेतं, हे त्याला कळायचं. म्हणून या वेळी त्यानं भावाला आल्याचं कळवलंच नव्हतं.

गवंड्यानं दोन दिवसांत पाया घातला. मशीन कपडे पिळताना एवढ्या जोरात फिरतं की पाया कच्चा असला तर ते जागेवरून सरकतं. म्हणून सिमेंटला रोज भरपूर पाणी पाजावं लागतं. संपतनं पायावर तरटं पसरली. पाणी घालायचं काम त्या दोघींनी आपणहून घेतलं. चादरी धुवून झाल्या की एकेक बादली आणून ओतायच्या. दुपारी तिथंच पायाच्या कडेला बसून भाकरी सोडायच्या आणि संपतलाही हाक मारायच्या. कुशाबाईकडं सांगायला पुष्कळ असायचं. सुनेचं, कांद्याच्या बाजाराचं, वरच्या मजल्यावरच्या पेशंटांचं. लंकाबाई नुसती हसायची, किंवा म्हणायची, "असंल." पण कुशाबाई एखाद्या दिवशी उशिरा आली तर लंकाबाई पाच-पाच मिनिटांनी फाटकाकडं बघायची, हे संपतनं पाहिलं होतं.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मशीन चालवायला एक बाई पुरेल ना?"

"पुरेल," संपत म्हणाला. हे तो प्रत्येक ठिकाणी सांगत आला होता आणि ते खरंच होतं.

"मग दोघींपैकी कोण शिकेल ते तुम्हीच बघा. दोघीही चांगल्या आहेत. मला ठरवणं अवघड जातंय."

"ते मला नका सांगू, मॅडम."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मीच बोलते दोघींशी."

संपत बाहेर आला. दोघी नळाजवळ चादर पिळत होत्या. आजवर तो मशीन घेऊन जायचा तेव्हा कपडे धुणाऱ्या बायका असायच्याच. पण त्यांची नावं कळायच्या आत त्याचं काम संपलेलं असायचं. इथं सिमेंटनं त्याला थांबवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नळाजवळ बोलणं नव्हतं. नुसता दगडावरचा आवाज. लंकाबाई वरच्या मजल्यावर चादरी पोचवायला गेली तशी कुशाबाई हात पुसत संपतकडं आली.

"लंकीला शिकवा मशीन. माझं मनगट गेलंय."

"कालपतुर तर बरं व्हतं तुमचं मनगट."

"आज गेलं." ती खाली बसली. "हे बघा राव, मला घर हाय. सून बोलती, पर जेवाय घालती. तिला हितनं काढलं तर तिची खोलीबी जाईल. जाईल कुठं ती? तिला सांगू नका मी म्हनले म्हून."

संपतनं बरं म्हटलं.

दुपारी कुशाबाई घरी गेल्यावर लंकाबाई दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मशीन कुशाबाईला शिकवा."

"का बरं?"

"मला यायचं न्हाई ते. मी अंगठेबहाद्दर."

"त्याला लिहायवाचायचं काही नसतं."

"तरीबी तिलाच शिकवा. तिची सून लई टोचून बोलती तिला. कामावर येती म्हून चार घटका सुटती."

संपत हातातला पाना नुसता पुसत राहिला. लंकाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला काय कळायचं ते कळलं.

"आधी येऊन गेली व्हय ती," ती म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. रडली नाही. थोड्या वेळानं उठली, बादली भरून आणली आणि पायावर ओतली.

टेम्पो आला त्या दिवशी आवारात गर्दी झाली. आठ माणसांनी मशीन लोखंडी पाइपांवरून सरकवत खोलीत नेलं. संपतनं ते पायावर बसवलं, पाणसळ लावून चारी बाजू तपासल्या, बोल्ट आवळले, पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनी जोडल्या, वायरमनकडून तीन फेजची वीज घेतली. ही कामं त्याला आवडायची. सगळं जिथल्या तिथं बसत जायचं आणि कुणाशी फार बोलावं लागायचं नाही.

चाचणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नारळ फोडला. कुशाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मनगटाचं कारण मॅडमना सांगून तिनं आदल्या दिवशीच काम सोडलं होतं, तरी आली. काचेच्या गोल दारातून चादरी वर जाताना, खाली पडताना दिसत होत्या. मग मशीन जोरात फिरायला लागलं, खोली घुमायला लागली, पण पाया हलला नाही. दार उघडल्यावर कुशाबाईनं पहिली चादर हातात घेतली आणि मुठीत दाबून बघितली. थेंब पडला नाही.

"लई झाक पिळलंय," ती म्हणाली. चादर लंकाबाईच्या हातात दिली, आपला डबा उचलला आणि निघाली. लंकाबाई फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेली आणि एकटी परत आली.

मशीनच्या बटणांवर संपतनं रंगाचे ठिपके लावून दिले. लंकाबाई दोन दिवसांत शिकली. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मशीन चाललेलं असलं की तिथं बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळं दोघंही खुणेनं बोलायची. संपत निघाला तेव्हा ती म्हणाली, "जावा संभाळून." एवढंच.

पुढल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत मंचरहून ऑफिसात फोन आला. मशीनच्या दारातून पाणी गळत होतं. संपतनं ते काम मागून घेतलं.

लंकाबाई आणखी वाळली होती. दाराचं रबर फाटलं होतं. संपत ते बदलायला बसला. मशीन बंद असल्यामुळं खोलीत शांतता होती. त्यानं सहज विचारलं, "कुशाबाई बऱ्या हायेत ना?"

लंकाबाई घड्या घालत होती. हात थांबवला नाही.

"गेली ती," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. सुरुवातीला कुशाबाई बाजारादिवशी यायची, घटकाभर बसून जायची. पुढं हॉस्पिटलनं नियम काढला, बाहेरच्या माणसानं धुलाईच्या खोलीत यायचं नाही. तेव्हापासून दोघी फाटकाशी उभ्या राहून बोलायच्या, पण लंकाबाईला मशीन सोडून फार वेळ थांबता यायचं नाही. मग कुशाबाईचं येणं कमी झालं. थंडीत तिच्या छातीत पाणी झालं आणि लेकानं तिला इथंच आणून वरच्या मजल्यावर ठेवलं.

"काम सुटलं की मी जाऊन बसायची," लंकाबाई म्हणाली. "दम लागायचा तिला, तरी बोलायची. सातव्या खाटंवर व्हती. चादरीच्या कोपऱ्याला लाल दोऱ्यानं खाटंचा नंबर घातलेला असतो, तेवढे आकडे कळत्यात मला. तिची चादर दोन दिवसांआड खाली यायची माझ्याकडं. एक दिवस सकाळीच आली. चादर बदलायचा दिवस नव्हता त्यो. संगं उशीचा अभ्राबी व्हता, आन् घोंगडीबी."

"कुणी सांगितलं न्हाई?"

"सांगतंय कोन? कुनाला ठावं आमचं काय व्हतं ते?"

"मंग?"

"मंग काय. टाकली मशीनमदी."

संपतनं रबर खाचेत दाबून बसवलं. बोटांनी सगळीकडून चाचपून पाहिलं. मग मशीनकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "माझी मंडळी गेली तवा मी सांगलीला व्हतो. असंच मशीन बसवत. तार आली, पोचेपतुर सगळं झालं व्हतं."

लंकाबाईनं घडी खाली ठेवली. "नाव काय व्हतं तिचं?"

"हौसा."

बायको गेल्यापासून भेटायला आलेल्या कुणी तिचं नाव विचारलं नव्हतं. गावातल्यांना माहीत होतं आणि बाहेरच्यांना गरज नव्हती. किती दिवसांनी ते नाव आपल्या तोंडून निघालं, याचं संपतला नवल वाटलं. लंकाबाईनं आपल्या खोलीतून नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. दोघांनी तिथंच बसून खाल्लं. मग संपतनं मशीन चालू केलं. पाणी गळत नव्हतं.

तो पिशवी भरायला लागला तेव्हा तिनं मशीन मध्येच थांबवलं, बोलणं ऐकू यावं म्हणून.

"पुन्यांदा कवा यायचं?"

"बिघडलं की येईन."

"चांगलं बसवलंय तुमी. बिघडायचं न्हाई," लंकाबाई म्हणाली आणि बटण दाबलं.

आणि झालंही तसंच. मंचरहून पुन्हा फोन आला नाही. ऑफिसात तक्रारी लिहून घेणाऱ्या मुलीला संपत अधूनमधून विचारायचा, मंचरचं काही आलंय का. ती नाही म्हणायची. एकदा त्यानं साहेबांना सुचवलं, फोनची वाट न बघता एक फेरी मारून येतो. साहेब म्हणाले, चांगलं चाललेलं मशीन कशाला उघडायचं?

दोन वर्षांनी, वैशाखात, पुतण्याचं लग्न निघालं. कळंबला जायचं तर संपत एक स्टॉप आधी, मंचरलाच उतरला. वाटेत त्यानं पेढ्यांचा पुडा घेतला. हॉस्पिटलच्या मागं गेला तर खोलीतून मशीनचा आवाज येत होता, एकसारखा, कुठं खडखड नाही. दारात एक अनोळखी बाई चादरी मोजत होती. बायडाबाई तिचं नाव.

"लंकाबाई व्हय? ती गेली की," तिनं ओरडून सांगितलं. "गेल्या पावसाळ्याच्या आधीच गेली, भाच्याकडं. मॅडम म्हनल्या ऱ्हा, पर आयकलं न्हाई. म्हनली, तिकडं भाताच्या खाचरात चार बायका तर असत्यात संगं."

"गाव कुठलं भाच्याचं?"

"डिंभ्याच्या फुडं, डोंगरात कुठंतरी. मला न्हाई ठावं."

संपतला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. कुशाबाईनं जिच्यासाठी काम सोडलं तिनंही ते सोडलं होतं, पण माणसांत जायला सोडलं होतं. सवयीनं त्यानं मशीनच्या पायाकडं नजर टाकली, बोल्ट घट्ट होते. पेढ्यांचा पुडा त्यानं बायडाबाईच्या हातात ठेवला. कसले पेढे ते तिनं विचारलं. घरात लग्न आहे, असं त्यानं सांगितलं.

स्टँडवर डोंगराकडं जाणारी गाडी लागलेली होती. संपत तिच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचंय?" गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं. कंडक्टरनं थोडा वेळ वाट बघितली, घंटी वाजवली आणि गाडी निघून गेली. मग संपत नारायणगावच्या गाडीत बसून कळंबला उतरला.

मांडवात दुसरी पंगत बसत होती. भाऊ व्याह्यांच्या गडबडीत होता, लांबूनच हात करून म्हणाला, "जेवून घे आधी." संपत रांगेच्या टोकाला बसला. शेजारी वऱ्हाडातली माणसं होती, आपापसांत बोलत होती. वाढायला गावातलीच तरणी पोरं होती. त्यातला एक जण जिलेबीचं ताट घेऊन त्याच्यापुढं वाकला.

"घ्या पावणं, लाजू नका. कुठल्या गावचं तुमी?"

"हितलाच," संपत म्हणाला.

पोरानं बरं म्हणत दोन जिलेब्या वाढल्या आणि तो पुढच्या पानाकडं गेला.