पन्नास पानांचा पंचनामा

लढाईच्या दिवसांत धान्याची टंचाई, म्हणून सरकारनं कायदा काढला: लग्नात पन्नासाच्या वर पान वाढायचं नाही. आमच्या विट्याकडच्या गावात तो पहिल्यांदा लागू झाला भामाबाईला. तिच्या लेकीच्या लग्नात वऱ्हाडातले तिघंजण जादा आले. फौजदारांनी उकिरड्यावरच्या पत्रावळी मोजल्या, त्रेपन्न भरल्या, आणि तिच्या आईनं दिलेला तांब्याचा मोठा हंडा जप्त केला. पंच म्हणून सही माझी. शाळामास्तराला नाही म्हणायची सोय कुठं असते?

पुढच्याच महिन्यात लालासाहेबांच्या लेकाचं लग्न निघालं. लालासाहेब म्हणजे दोनशे एकर ऊस. मामलेदारसुद्धा त्यांच्याच घोडागाडीतून फिरायचे. हजारभर पानं उठली. फौजदारांनी पंचनामा मात्र आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता: ‘एकूण पानं पन्नास.’ मी निमूटपणे सही ठोकली.

यजमानानं शेवटी जेवायचं, ही रीत. लालासाहेबांच्या मानाखातर व्याही, मामलेदार, फौजदारही थांबले होते. त्या शेवटच्या पंगतीच्या कोपऱ्यात मीही बसलो. पोटात कावळे ओरडत होते. भाताचा शेवटचा हंडा आला, आणि भांडी घासायला आलेली भामाबाई पदर खोचून त्याच्या आडवी उभी राहिली.

“आवं फौजदारसायब, ह्या हंड्यावर माझं नाव कोरलंय. तुमच्या चौकीतनं ह्यो हितं कसा चालत आला?”

फौजदार माझ्याकडं बघायला लागले, मी पत्रावळीकडं.

“आन मास्तर, तुमी पंच न्हवं? मोजा की आता पानं!”

मामलेदार उगीचच खोकले. लालासाहेब मात्र खदखदून हसले. “देऊन टाका रं तिचा हंडा. शुभकार्यात कटकट नगं.”

झालं! ज्या हंड्यासाठी बाईनं महिनाभर कचेरीत खेटे घातले, तो एका हसण्यावर सुटला. मला संताप आला, आणि स्वतःची लाजही वाटली.

भामाबाईनं हंड्याच्या गळ्यात दोर अडकवला.

“अगं, भात तर काढू दे,” वाढपी ओरडला.

“मालकानं हंडा दे म्हटलंय. रिकामा करून दे म्हटलं न्हाई.”

व्याह्यांसमोर दिलेला शब्द लालासाहेबांना गिळता येईना. भामाबाई आणि तिच्याबरोबर भांडी घासायला आलेली तिची जाऊ, दोघी बांबूला हंडा लटकवून भातासकट चालत्या झाल्या.

आम्ही कोरड्या पत्रावळींसमोर बसून राहिलो. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी पानं मोजली, या खेपेला खरोखरची. बरोबर पन्नास भरली.