पाठीतलं पाणी

डोक्यात पाणी साठलंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "एवढी रिकामी जागा होती म्हणायची. आमच्या सुनेला कळू देऊ नका."

सून शेजारीच बसली होती. "मला लग्नापासून माहितेय, आई," म्हणाली. जीभ धारदार आहे पोरीची. माझ्या हाताखालीच परजली गेलीय.

वर्षभर माझे पाय जमिनीला चिकटत होते. कुणी गोंद सांडून ठेवलाय आणि मी त्यात उभी, असं वाटायचं. पाऊल उचलत नसे, नुसतं घासत पुढे सरके. वळायचं म्हटलं की जागच्या जागी चुळबुळ. पण आमच्या पडदे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसले की हेच पाय पायडलवर लोण्यासारखे चालायचे. म्हणून मी एक युक्ती काढली. चालताना जिभेखाली मशीनचा ताल धरायचा, टक-टक, टक-टक. पाय फसायचे. त्यांना वाटायचं, शिलाईच चाललीय. थोडा वेळच चाले ती युक्ती, पण पाहुण्यांसमोर अब्रू राहायची.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मेंदूभोवतीचं पाणी कण्यातही उतरतं. कमरेत सुई घालून त्यातलं थोडं काढायचं, लहान कपात अर्ध्याला येईल एवढं. सुईच्या आधी एकदा चालून दाखवायचं, नंतर पुन्हा, हीच तपासणी. चाल सुधारली, तर ऑपरेशन करून कातडीखालून बारीक नळी बसवायची, म्हणजे जास्तीचं पाणी कायमचं पोटात उतरत राहील. फरक दिसला नाही, तर ऑपरेशनचा उपयोग नाही. मग हळूहळू चाकाची खुर्ची.

माझ्याच कारखान्यात मला कुणी ढकलत नेणार, आणि कापणारा मास्तर माझ्या डोक्यावरून सुनेशी बोलणार. मरण परवडलं.

बाकी सगळं ऐकलं, पण मनात एकच शब्द रुतला. तपासणी. माझी शाळा तिसरीत सुटली. तपासणी म्हणजे चांगलं करून दाखवायचं, एवढंच मला ठाऊक.

तपासणीच्या सकाळी दवाखान्याच्या लांब ओसरीत बाकं माणसांनी भरली होती. हातात घड्याळ धरलेला एक सडपातळ माणूस म्हणाला, "मावशी, इथून त्या खिडकीपर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. घाई नाही."

एवढ्या लोकांपुढे घासत जाणार होय मी? ताल जिभेखाली धरला, मान ताठ केली आणि निघाले. अशी चालले की बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "यांना काय झालंय?"

सून कानाशी आली. "घरी कधी चालता हो अशा?"

"तू बघतेस कुठे माझ्याकडे."

मग आतल्या खोलीत नेलं. कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. "आजी, मांजरासारखं अंग गोळा करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "मांजर झाले तर बोचकारीन." नर्सबाईंनी माझा खांदा धरून ठेवला. पाठीवर काहीतरी गार फिरलं. मग एक चावा, मुंगळ्याचा असतो तसा. ते बधिर करायचं इंजेक्शन. त्यानंतर दुखलं नाही, नुसतं कुणी अंगठ्याने दाबत असल्यासारखं. एकदा डाव्या मांडीतून झिणझिणी गेली, तसं मी सांगितलं. "लगेच सांगितलंत, बरं केलंत. हलू नका," म्हणाल्या, आणि सुई जराशी वळवली. झिणझिणी थांबली.

आणि मग मागे कुठेतरी थेंब पडायला लागले. ऐकू येत नव्हते, पण मला कळत होते. डोळे मिटले. एक मोठं दालन दिसलं. छत नाही, भिंती नाहीत, नुसते पडदे लटकलेले, पांढरे, पाण्यासारखे पातळ. जमीनही पाण्याचीच. मी त्यावरून चालतेय आणि पावलाखाली पाणी दबतं, वर येतं, दबतं. एकेक पडदा बाजूला करावा तर मागे आणखी एक. मला कुठे पोचायचं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारत नव्हतं, हे कुठे ठेवू, ते कधी द्यायचं. पाठीमागून लांबून आवाज आला, "झालं, आजी," आणि पडदे एकमेकांत विरघळले.

काचेच्या बारक्या नळीत धरलेलं पाणी दाखवलं मला. स्वच्छ, आरशासारखं. माझ्या डोक्यात इतकं नितळ काही असेल, यावर सुनेचा विश्वास बसेना.

थोडा वेळ उताणी पडून राहिले. नर्सबाई पाणी पाजत होत्या. दुपारी पुन्हा ओसरी. उठले आणि पाऊल आपोआप सुटलं. ताल धरायचंही विसरले. पाय माझे होते. खिडकीपाशी सहज वळले, परत आले.

घड्याळवाल्याने घड्याळ पाहिलं, सकाळचा आकडा पाहिला आणि डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या माझ्याजवळ बसल्या. "वाईट वाटून घेऊ नका, आजी. सकाळी आणि आत्ता, फारसा फरक नाही. नळीचा फायदा होईल असं दिसत नाही."

सुनेने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. माझं मी सांगणार होते.

"सकाळची चाल खोटी होती," मी म्हटलं.

"म्हणजे?"

तालाचं सांगितलं. सांगताना कान तापले. घड्याळवाला खाली बघत राहिला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मग पाणी पुन्हा साठू द्या. पाय जड झाले की या. आणि घरी चालता तशाच चाला. जेवढी वाईट चाल असेल तेवढी मला हवी. तरच फरक कळेल."

घरी दोन दिवस उठलं की डोकं ठणके, आडवं झालं की थांबे. पण पाय हलके होते. सकाळी मी कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत उगीच हिंडायचे. सून म्हणायची, "मास्तर घाबरलाय, सारख्या मागे उभ्या राहता." मग एका सकाळी उंबऱ्याशी पाऊल रेंगाळलं. दुसऱ्या दिवशी आणखी. झोपेत भरती चढावी आणि जागं झाल्यावर अंगण ओलं दिसावं, तसं ते पाणी परत आलं.

आम्ही पुन्हा गेलो. तीच ओसरी, बाकं आज जास्तच भरलेली. निघाले तसा ताल सवयीने जिभेवर आला. मी दात आवळून त्याला बाहेर ठेवलं. पाय घासले. घासण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला असणार. गप्पा थांबल्या. खिडकीपाशी वळताना दोन्ही पावलं रुतली. मी उभीच. खिडकीतून ऊन माझ्या चपलांवर पडलं होतं आणि मी त्या चपलांकडे दुसऱ्या कुणाच्या असल्यासारखी बघत होते.

बाकावरची एक बाई मला धरायला उठली.

"बसा बाई," मी म्हटलं, "मी कामात आहे."

ती बसली. सून भिंतीला टेकून उभी होती. पुढे आली नाही. घड्याळ चालू होतं. मी चिमूटभर सरकले, पुन्हा चिमूटभर, आणि सगळ्यांच्या देखत, घाई न करता, परत यायला लागले.