बंद गाडीची टाकी

भंगारवाल्याची अट एकच होती. पेट्रोल असलेली गाडी तो उचलत नाही. आधी टाकी उपसा, मग बोलवा.

"टाकी कोरडीठाक आहे," बाबा चाकाच्या खुर्चीतून गरजले. "मिस्त्री-बिस्त्री कुणी नको."

धाकट्यानं जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. बाबांना आता जिना चढवत नव्हता. बंद पडून असलेली ती गाडी काढून गॅरेजची खोली केली, शेजारी संडास काढला, तर त्यांचे हाल थांबले असते. मारकुट्या बापासाठी खोली बांधायला निघालेला मुलगा बघायचा असेल तर याला बघावं. चाळिशी उलटली तरी बापाच्या कपाळावरची एक आठी कमी व्हावी म्हणून हा राबत होता.

त्याला तसंच कारण होतं. आईच्या छातीत कळ आली तेव्हा हा कॉलेजात शिकत होता. बाबा गाडीकडे धावले, किल्ली अर्धी फिरवली, पेट्रोलचा काटा तळाला पाहिला आणि तसेच परत आले. त्याच सकाळी त्यांनी धाकट्याला टाकी भरून आणायला पाठवलं होतं. "भरलीय हो, काठोकाठ भरलीय," तो रडत सांगत होता. उत्तरादाखल मुस्काटात बसली. शेजारच्यांची गाडी येईपर्यंत आई गेली.

पोरानं पेट्रोल मित्रांबरोबर उडवलं आणि आई घालवली, हे मग सगळ्या नात्यात पसरलं. आपल्याकडे अशा बातमीला पाय लागत नाहीत, पंख फुटतात. ताईनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. बाबांना मात्र ती रोज फोन करायची. गाडी पुन्हा रस्त्यावर आली नाही. गॅरेजची किल्ली बाबांच्या उशाखाली असे, आणि लोक म्हणत, बायकोचं दुःख असावं तर असं. धाकट्याला तर पुढं पुढं स्वतःचीच शंका येऊ लागली होती. पंपावर आपण नीट पाहिलं होतं ना?

बाबांनी किल्ली दिली नाही, म्हणून मिस्त्रीनं कुलूप तोडलं. दोघांनी गाडी ढकलत अंगणात आणली.

"मोकळ्या हवेत बरं असतं," मिस्त्री म्हणाला. "याची वाफ जमिनीलगत साठते, एक ठिणगी पुरे. फोन घरात ठेवून या." त्यानं बॅटरीच्या तारा सोडवल्या. लोखंडी डबा जमिनीवर ठेवला आणि ठिणगी उडू नये म्हणून एका वायरीनं तो गाडीच्या पत्र्याला जोडला. नळी टाकीत सोडून हातपंप बसवला. "काही शहाणे तोंडानं ओढतात. मग दवाखान्यात जाऊन झोपतात."

बाबा दारात खुर्ची आणून बघत होते. तळाला असेल-नसेल तेवढं म्हणून मिस्त्रीनं एकच डबा आणला होता.

चहासारखं काळपट, आंबूस वासाचं पेट्रोल आलं. येतच राहिलं. डबा गळ्यापर्यंत भरला. मिस्त्रीनं कपाळाला आठ्या घातल्या, दुकानातून आणखी डबे आणले. दुसरा भरला, तिसरा भरत आला.

"रिकामी कुठली? कुणीतरी चांगली भरून ठेवलीय," तो म्हणाला. "टाकीतला तरंगा तळाला अडकला असणार, म्हणून काटा रिकामी दाखवतो. या मॉडेलचं दुखणंच ते."

धाकट्याला आधी हसू आलं. मग तो पायरीवर बसला. इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते, ते एक परका माणूस हात पुसत सहज बोलून गेला होता.

"बाबा, टाकी भरलेली होती."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तिला पोचवून आलो, दुसऱ्या दिवशी किल्ली पूर्ण फिरवली. झाली चालू." बाबांचा आवाज जराही हलला नाही. "त्या वेळी फिरवायला सुचलं नाही. झालं ते झालं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून? ताई माझ्याशी बोलली असती? लोकांनी दारात उभं केलं असतं? तुझ्या पुढं सगळं आयुष्य होतं, तुला पेलवलं असतं. माझं काय होतं?"

धाकटा तडक घरात गेला. रोजच्या वेळेला बाबांचा फोन वाजतच होता. त्यानं स्पीकर लावला. "ताई, ऐक. टाकी भरलेली होती. आत्ता उपसली. बाबांना माहीत होतं, त्यांनीच मला सांगितलं."

"फोन बाबांकडे दे."

त्यानं दारात येऊन बाबांपुढे फोन धरला. आता तरी, त्याला वाटलं. आता तरी हा माणूस एकदा खरं बोलेल.

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "तळाचा गाळ निघाला थोडा. तेवढ्यावरून हा भलतंच काहीतरी रचतोय. माझ्या तोंडी घालतोय."

"आईला घालवलं, आता तुमच्यावर ढकलतोय," ताई म्हणाली. "लाज म्हणून नाही त्याला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जेवलात का?"

"कुठलं जेवण? सकाळपासून हा गाडीतच."

ताईनं फोन ठेवला. अंगणात तीन डबे झाकणं लावून ओळीनं उभे होते. मिस्त्री मान खाली घालून वायर गुंडाळत होता. "हे मी घेऊन जातो," तो म्हणाला. "भंगारवाल्याला उद्या यायला सांगू?"

"आजच सांगा," बाबा म्हणाले. मग धाकट्याकडे वळून, "वास सहन होत नाही. आत ने मला."

धाकट्यानं खुर्ची आत ढकलली, दार लावलं आणि त्यांचं जेवण गरम करायला गेला.