वाफेच्या मॉपने काढलेला पट्टा

सुनेने वाफेचा मॉप आणला तेव्हा सासूबाई फणकारल्या, "ही थेरं हवीत कशाला? माझी फरशी आरशासारखी आहे!" लग्न होऊन आल्यापासून त्या रोज बादलीत बचकभर साबण टाकून फरशी पुसत होत्या.

सुनेने दारापाशी मॉप फिरवला. फडकं काळंकुट्ट झालं आणि राखाडी फरशीवर लख्ख पांढरा पट्टा उमटला. सासूबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणजे फरशी मुळात पांढरी होती!

"आई, हे सगळे तुमच्या साबणाचे थर आहेत. त्यावरच मळ बसत गेला."

सासूबाईंनी पट्ट्यावरून बोट फिरवून पाहिलं. तेवढ्यात बेल वाजली. बाहेर सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज.

सासूबाई सुनेवर दबक्या आवाजात खेकसल्या, "बघतेस काय मेले? त्या पांढऱ्यावर आधी चटई टाक!"