त्सुबाकी थिएटरची उडालेली गादी

मी गादी बोलतेय. झोपायची नव्हे, बसायची. हातभर लांब, हातभर रुंद, मधोमध दोऱ्याची एक गाठ. जपानातल्या मिझुकुरा गावी, त्सुबाकी थिएटरात तिसऱ्या रांगेत माझी जागा. आमच्याकडे खुर्च्या नाहीत. माणसं दारात जोडे काढतात, चटईवर येतात, आमच्यातली एक ओढून घेतात आणि बसतात.

माझा जन्म याच थिएटरातला. पांढऱ्या पडद्यापुढे पूर्वी एक निळा पडदा होता, उघडझाप करणारा. तो विरला तेव्हा मालकिणीने त्याचे चौकोन कापले, आत कापूस भरला आणि चाळीस गाद्या शिवल्या. त्या मालकिणीची नात फुसाए आता थिएटर बघते. चाळिशी ओलांडलेली, कामसू बाई. कपाळाला सदा आठी.

एवढी वर्षं थिएटरात काढली, पण खरं सांगते, मी एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. कशी पाहणार? सिनेमा सुरू झाला की माझ्यावर माणूस. पण कोणता सिनेमा कसा आहे हे मला बरोबर कळतं. हसवणारा असला की माणूस वरखाली होतो. भुताचा असला की माझे कोपरे मुठीत आवळतो. कंटाळवाणा असला की अर्धं वजन हातावर घेतो, पाय लांब करतो, पुन्हा दुमडतो. आणि चांगला असला की माणूस स्वतःचं वजन विसरतो. मग ते सगळंच्या सगळं माझ्यावर येतं. जड वाटतं, पण तेव्हाच बरं वाटतं.

एक हेवा मात्र मनात होता. बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे. त्यावर सुमोची कुस्ती लागते. एखाद्या काटकुळ्या गड्याने योकोझुनाला, म्हणजे सगळ्यांत वरच्या पैलवानाला, चीत केलं की लोक बसायच्या गाद्या आखाड्याकडे भिरकावतात. माझ्यासारख्याच गाद्या, आणि कशा उडतात! सिनेमा नसला की आमचा ढीग त्याच खोलीच्या कोपऱ्यात असतो. मी त्या ढिगातून बघायची आणि म्हणायची, आपल्या नशिबी ते नाही.

मग तो पानगळीचा महिना आला. गावसभेतले कामाता, आम्ही मानाने म्हणतो कामाता-सान, फुसाएकडे आले. इस्त्रीचा कोट, काखेत कागदांची पिशवी. गरम पाण्याच्या झऱ्यांवर हल्ली परदेशी पाहुणे येतात, त्यांच्या गाड्या लावायला जागा हवी. थिएटर पाडलं तर ती मिळते.

"दोन दुपारी देतो तुम्हाला," कामाता-सान म्हणाले. "पाहुण्यांना दाखवा काय दाखवायचं ते. त्यांना खरंच गोडी वाटली तर मी सभेत तसं सांगेन. नाही वाटली, तर मग माझ्याकडे बघू नका."

ते गेल्यावर फुसाए तोकुझोला म्हणाली, "तोकुकाका, दोन्ही दिवस तलवारीचाच सिनेमा लावू. घोडे, किल्ले, मोठमोठ्याने ओरडणं. तेच बघायला येतात ते."

तोकुझो म्हणजे आमचा यंत्र चालवणारा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. बोलतो कमी, तेल घालतो जास्त.

"एक दिवस तलवारीचा लाव," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी छत्रीवाल्याचा."

"छत्रीवाल्याचा? काका, त्यात काही घडतच नाही!"

"घडतं. सावकाश घडतं."

"थिएटर जाईल अशाने!"

"जायचं असेल तर आपलं काय आहे ते दाखवून जाऊ दे," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा तेलाची बुधली उचलली. फुसाएला त्याचं मन मोडवलं नाही.

पहिल्या दुपारी बारा पाहुणे आले. दारात त्यांच्या जोड्यांची रांग बघून आम्हा गाद्यांना धडकीच भरली, एकेक जोडा होडीएवढा. हिल्डे नावाची एक उंच बाई होती, तिला आमची भाषा मोडकीतोडकी येत होती. माझ्यावर एक दांडगा गडी बसला. तलवारी खणाणल्या, किल्ला जळला. गडी दोन वेळा दचकला, सहा वेळा पाय बदलला. अर्धं वजन हातावर, मी मोजत होते. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुसाएची आठी सैल झाली. पण मला माहीत होतं, त्या हातावरच्या टाळ्या होत्या. वजनाच्या नव्हत्या.

जाताना हिल्डेने तोकुझोला गाठलं. "आजोबा, छान होता. पण एक विचारू? तुमची माणसं कशी आहेत ते कळायला कोणता सिनेमा बघू?"

तोकुझोने डोकं खाजवलं. "तलवार आता कुणाच्या घरात आहे, पोरी? छत्री सगळ्यांच्या घरात आहे. उद्या ये."

हे ऐकायला इसे आजी तिथे होतीच. चौऱ्याऐंशीची, सुमोची वेडी, पहिल्या रांगेतल्या जागेसाठी भांडायची तयारी घरूनच करून येणारी. "काय रे तोकु, आजचा सिनेमा म्हणजे योकोझुना. त्याच्यापुढे तुझा तो मरतुकडा छत्रीवाला टिकेल होय?"

"बघायला ये म्हणजे झालं."

"येते की. तुझी फजिती कोण सोडेल!"

दुसऱ्या दुपारी पाहुणे आले, गावातलेही वीसेक जण आले. कामाता-सान उशिरा आले आणि नेमके माझ्यावर टेकले. टेकले म्हणजे नावाला. एक गुडघा दाराकडे. "दहा मिनिटं बसतो," ते फुसाएच्या कानात म्हणाले. "तिकडे सभेचं बरंच काम पडलंय."

सिनेमा असा होता. दोन भाऊ, एकाच गल्लीत राहणारे. बापाच्या घरावरून भांडलेले, अकरा वर्षं अबोला. धाकटा छत्र्या दुरुस्त करतो. त्याला माफी मागायची आहे, पण तोंड उघडत नाही. रोज थोरल्याच्या दारावरून जातो, घसा साफ करतो, पुढे निघून जातो. बोलणं एवढं थोडं की हिल्डेने कुजबुजत बाकीच्यांना समजावलं तेवढ्यात भागलं.

मला हे कसं कळलं? गोष्ट नंतर लोकांच्या तोंडून, पण तिचा जोर तेव्हाच, वजनावरून. प्रत्येक घसा साफ करण्याला कामाता-सान थोडे खाली आले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दाराकडचा गुडघा हळूच आत आला.

मग धाकटा एके दिवशी संत्र्यांची टोपली थोरल्याच्या उंबऱ्यावर ठेवतो आणि पळून जातो. दिवस जातात. टोपली परत येत नाही. पाऊस लागतो. आणि एका सकाळी थोरला स्वतः टोपली घेऊन येतो. रिकामी कशी आणणार? तिच्यात त्याची मोडकी छत्री आहे. ती तो भावापुढे ठेवतो.

"दुरुस्त होईल का?"

"बघतो."

संपला सिनेमा. दोन वाक्यांत.

त्या क्षणी कामाता-सानांचं सगळं वजन माझ्यावर आलं. कोट, कागदांची पिशवी, गावसभा, सगळं. माझ्या मधल्या गाठीचा दोरा कटकन तुटला.

दिवे लागले. कुणी हललं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. पाहुणे मांडी घालून दगडासारखे बसलेले. दारात उभ्या फुसाएने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, बुडालं.

एवढ्यात इसे आजी पहिल्या रांगेतून ओरडली, "पाडला! मरतुकड्याने योकोझुनाला पाडला रे!" आणि तिने बसायची गादी हवेत भिरकावली.

गावचे लोक गडबडले. थिएटरात असं कुणी कधी केलं नव्हतं. पण पाहुण्यांना काय माहीत? त्यांना वाटलं, इथे सिनेमा आवडला की असंच करतात. हिल्डेने गादी उडवली, दांडग्या गड्याने दोन उडवल्या, आणि पाहुणे करताहेत तर आपण मागे कसं राहायचं म्हणून गावकरीही उठले. निळ्या गाद्याच गाद्या!

कामाता-सान उभे राहिले. सॉक्स घातलेल्या पायांनी, कोटाची बटणं लावलेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला दोन्ही हातांनी उचललं, आणि भिरकावलं.

मी उडाले! उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुणी नव्हतं. खाली तोंडं उघडी टाकून हसणारी माणसं, यंत्राच्या खिडकीतून बाहेर आलेलं तोकुझोचं टक्कल, आणि समोर पांढरा शुभ्र पडदा. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग धप्पकन इसे आजीच्या डोक्यावर पडले. "अगो बाई, लागलं!" ती म्हणाली आणि पुन्हा मलाच उडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाता-सान थिएटराच्या दारात आले. फुसाए धावत गेली. काखेत कागदांची पिशवी नव्हती. हातात एक मोडकी छत्री होती. ती त्यांनी उंबऱ्यावर ठेवली, घसा साफ केला, आणि निघून गेले.

फुसाएने ती छातीशी धरली आणि पायरीवर बसली. "तोकुकाका," तिने हाक मारली, "आपलं थिएटर राहिलं हो!" तेलाची बुधली हातात तशीच धरून तोकुझो आला. त्याने छत्री उघडून काड्यांवरून बोट फिरवलं. "एक काडी मोडलीय," तो म्हणाला. "होईल दुरुस्त." गाड्या आता नदीपलीकडे लावतात. सभेचा तसा कागद आठवड्याने आला, पण तो कुणी वाचला नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. माझी गाठ फुसाएने नवी घातली, लाल दोऱ्याची. दर पानगळीला पाहुणे येतात आणि दारात हिल्डेचाच प्रश्न विचारतात. तोकुझो त्यांना सांगतो, आधी छत्रीवाल्याचा बघा. मग सार्वजनिक न्हाणीघरातल्या म्हाताऱ्यांचा, मग पोस्टातल्या बाईचा, मग भुताचा, कारण आमची भुतंसुद्धा दार वाजवून आत येतात. तलवारीचा सगळ्यांत शेवटी बघा, तेव्हा तलवारीमागचा माणूस तुम्हाला दिसेल. मी यंत्रातलं काही जाणत नाही, पण वजनाचा हिशेब माझाही हाच लागतो.

तुम्हीही या कधीतरी. जोडे दारात काढा. तिसऱ्या रांगेत लाल गाठीची मी आहे, खुशाल बसा. अर्धं वजन हातावर ठेवू नका, सगळं माझ्यावर टाका, मला सवय आहे. आणि दिवे लागल्यावर लाजू नका. सिनेमा आवडला असेल, तर मला उडवा.